शेडमधली करुणा

संथ, गोड आवाजात कुणी करुणेवर बोलायला लागलं की मला मळमळतं. हल्ली लोक गाडीत अशा सीड्या लावतात. परवा दौंडला जाताना एका ओळखीच्या गृहस्थांच्या जीपमध्ये अशीच एक लागली होती. थोरांची चरित्रं, मधूनमधून बासरी. मी चहाचं निमित्त काढून वरवंडला उतरलो आणि पुढं वडापच्या भरलेल्या जीपनं गेलो. त्या गृहस्थांना वाटलं मला गाडी लागली. करुणेच्या शिकवणीचा यात काही दोष नाही, बासरीचा तर नाहीच. दोष कुणाचा ते मला चांगलं ठाऊक आहे, पण ओकारी काही दोष विचारून येत नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. कवठे येमाईला आमचं कोंबड्यांचं शेड होतं. आम्ही मूळचे मेंढरं राखणारे. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढरं विकून शेती धरली आणि पुढं हे शेड घातलं. कंपनी एक दिवसाची पिल्लं आणून टाकायची, खाद्य द्यायची आणि सहा-सात आठवड्यांनी पक्षी उचलून न्यायची. याला बॅच म्हणायचे. थोरला भाऊ ट्रकवर ड्रायव्हर, महिना महिना बाहेर. त्यामुळं शेडचं सगळं काम वहिनीवर. खाद्य टाकायचं, पाण्याची भांडी घासायची, रोज सकाळी मेलेले पक्षी वेचून खड्ड्यात पुरायचे आणि दाताळं घेऊन खाली अंथरलेला भाताचा तूस हलवायचा. हा तूस म्हणजे नुसता तूस नव्हे, महिन्याभराची विष्ठा मुरलेला. हलवला की असा वास सुटायचा की डोळ्यांतून पाणी आणि नाकातून आग. शेडमध्ये जाऊन आलेल्या माणसाच्या केसांना, भाकरीला, अंथरुणाला तो वास लागायचा. मी वहिनीच्या हातचा चहा घेताना कपाचा कान पुसून घ्यायचो, आणि ते तिला दिसायचं.

मी तेव्हा आयटीआय करून, सणसवाडीला कारखान्यात अप्रेंटिस म्हणून राबून, पर्मनंट न होता घरी परत आलेलो. येताना रूमवरच्या सोबत्यानं मला बारा कॅसेटींचा एक संच दिला होता. तो विदर्भातला, बौद्ध घरातला. शिफ्टवरून आला की हातपाय धुवायचा, भिंतीला टेकून बसायचा आणि तासभर ऐकायचा. बुद्धाची शिकवण, मैत्री, करुणा, थोर माणसांची आयुष्यं. "ऐकून पाह्य तू, मनाले बरं वाटते," म्हणाला होता. मनाला बरं वाटतं हे त्याचं अगदी खरं होतं. मला त्याचं व्यसनच लागलं.

त्या कॅसेटी शेडमध्ये कशा गेल्या ते सांगतो. कोंबडीचं पाखरू भित्रं. एकदम मोठा आवाज झाला की सगळी एका कोपऱ्यात पळतात, एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. म्हणून शेडमध्ये सतत काहीतरी वाजतं ठेवायचं, असं कंपनीचा सुपरवायझर सांगून गेला. आवाजाची सवय झाली की पाखरू बिचकत नाही. आबांनी ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर टेप जोडून दिला. सिनेमाची गाणी लावली, तर ढोलकी वाजली की पक्षी उडायचे. भजनात टाळ आडवे आले. मग मी माझी कॅसेट घातली आणि शेड गार झालं. एका पट्टीत बोलणारा तो आवाज पक्ष्यांना फार मानवला. आबा खूश. म्हणाले, "लय गुणाचा मानूस हाय ह्यो. पाखरं कशी गप बसल्यात बघ."

तेव्हापासून दिवसभर शेडमध्ये करुणा वाजायची. मी हातपाय धुऊन, स्वच्छ सदरा घालून, वारा जिकडून येई तिकडच्या बाजूला बाज टाकून ऐकत पडायचो. याला घरात देखरेख म्हणत. आत वहिनी लंगडे, रोगट पक्षी शोधून त्यांच्या माना पिरगाळायची. तेही कंपनीचंच सांगणं. बाहेर ते ओरडणं ऐकू यायला लागलं की माझा रसभंग व्हायचा आणि मी दारातून हात घालून टेपचा आवाज थोडा वाढवायचो. हे लिहितानाही स्वतःच्या त्या हाताची शिसारी येते.

वहिनीला दिवस गेले होते, पाचवा महिना. आधीचं एक तिसऱ्या महिन्यात गेलं होतं, त्यामुळं ती धास्तावलेली. शेडमध्ये शिरलं की तिला उलट्या व्हायच्या. पोटाला फडकं घट्ट बांधून, नाकावरून पदर घेऊन ती आत जायची, मध्येच बाहेर येऊन बांधापाशी ओकायची, चूळ भरायची आणि परत आत. सातव्या महिन्यात ती माहेरी जाणार होती. तोवर दोन महिने शेडमधून सुटका व्हावी, एवढंच तिला हवं होतं. आबांपुढं सुनेनं तोंड उघडायची आमच्यात रीत नाही. भाऊ घरी नाही. उरलो मी.

एक दिवस बाजेपाशी येऊन ती म्हणाली, "भावजी, तुम्ही आबास्नी सांगा की. मला ह्यातनं काढा. घरचं, रानातलं सगळं करते, पर ह्यो वास न्हाई सोसवत. म्या न्हाई बोलू शकत, तुमचं ऐकत्यात ते."

मी सांगतो म्हणालो. मनापासून म्हणालो, हेच तर वाईट. आठवडा गेला. रोज जेवताना शब्द जिभेवर यायचे आणि वाटायचं, वहिनीला काढलं तर दाताळं कुणाच्या हातात येणार? घरात रिकामा माणूस एकच होता.

त्याच आठवड्यात एका कॅसेटमधली गोष्ट माझ्या मनात बसली होती. एक आजारी भिक्खू स्वतःच्या घाणीत पडलेला असतो, कुणी जवळ जात नाही आणि भगवान स्वतः पाणी घेऊन त्याला धुवायला बसतात. ऐन त्या जागी नेमका खाद्याचा टेम्पो आला आणि माझी गोष्ट अर्धी राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी टेपच काढून घेतला. त्यात सेल भरले आणि विहिरीकडच्या चिंचेखाली निघालो, शांतपणे ऐकायला.

वहिनी आत तूस हलवत होती. म्हणाली, "भावजी, टेप नगा नेऊ, पाखरं बिचकतील."

"दहा मिनिटांत आणतो," मी म्हणालो.

गोष्ट संपली, पुढची लागली, तीही चांगली होती. त्या दिवशी ग्रामपंचायतीचा निकाल होता, हे माझ्या ध्यानात नव्हतं. निवडून आलेल्यांची मिरवणूक आमच्या रस्त्यानं गेली आणि शेडच्या अगदी पाठीमागं कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. मी टेप घेऊन पळत आलो, तोवर जे व्हायचं ते झालं होतं. कोपऱ्यात कमरेएवढा ढीग. पांढरी पिसं, पिवळी विष्ठा, चोची, पाय, आणि खालून गरम वाफ. वहिनी त्या ढिगात गुडघ्यावर बसून एकेक पक्षी उपसून मागं टाकत होती. तिच्या तोंडाला, केसांना, पोटावरच्या लुगड्याला ती घाण लागलेली. मला बघून ओरडली, "भावजी, हिकडं या! खालची जित्ती हायेत आजून!"

मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं आणि पोटातून भडभडून आलं. मी मागं फिरलो. मग जे केलं ते आधी कधी कुणाला सांगितलेलं नाही. मी टेप पहिल्यासारखा दारालगतच्या फळीवर ठेवला, बॅटरीला जोडला आणि चालू केला. कारण आबा रानातून येताना दिसले होते.

आबा आले. चारशेच्या आसपास पक्षी मेले होते. तो गुणाचा माणूस शांतपणे बोलतच होता. आबांनी टेपकडं पाहिलं. "ह्यो तर चालू हाय. मग बिचकली कशी?"

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. नुसती वाट पाहत होती. मी बोलावं म्हणून तिनं मला पुरेसा वेळ दिला. मी फळीवरची धूळ बोटानं पुसत राहिलो. एवढा नीच मी आयुष्यात पुन्हा झालो नाही, आणि तशी वेळ आली नाही हे माझं नशीब.

"म्याच बंद केला हुता मघाशी," ती म्हणाली. "डोकं उठलं हुतं."

माझं नाव घेतलं असतं तर घरात बाप-लेकाचं, मग भावाभावाचं वाजलं असतं, आणि शेवटी ते तिच्याच अंगावर आलं असतं. हे तिला मला सांगावं लागलं नाही. आबा म्हणाले, "आमच्या आईनं मेंढरामागं चालता चालता बाळंतपणं काढली, आन् तुमचं टेपानं डोकं उठतंय व्हय? आता बॅच उचलंपातूर शेड सोडायचं न्हाई."

पुढं सातव्यात ती माहेरी गेली, मुलगी झाली, दोघी सुखरूप राहिल्या. घरात याला सगळं नीट झालं म्हणतात. त्यात माझा काडीचा वाटा नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

त्या संध्याकाळी ती हौदावर हात धूत होती. साबण संपला तशी राख घेऊन घासत होती. मी जवळ गेलो, तेही चार पावलं लांबच उभा राहिलो. मला भरून आलं होतं. आवाज अगदी कॅसेटीतल्यासारखा मऊ करून मी म्हणालो, "वहिनी, तुमचं मन फार मोठं आहे."

तिनं वर पाहिलं नाही. "मोठं मन राहू द्या, भावजी," ती म्हणाली. "उद्या सकाळी दाताळं तेवढं धरा."

मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं मी शिरूरला गेलो. घरी सांगितलं, पक्ष्यांसाठी नव्या कॅसेटी आणायच्या आहेत.