काकूचा सत्कार

वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं आणि आमचं बुऱ्हाणपूर मध्यप्रदेशात राहिलं, त्या दिवसांतली गोष्ट. आपण मराठीतले की हिंदीतले यावर चौकाचौकांत वाद चालत आणि पुढाऱ्यांना रोज कुठला तरी समारंभ हवा असे. अशातच कुणाला तरी ब्रह्मदेशाच्या लढाईत गेलेल्या आपल्याकडच्या जवानांची आठवण झाली. इतकी वर्षं ते 'इंग्रजांचे नोकर' होते, आता एका बैठकीत शहीद झाले. गाव म्हणेल ती पूर्व दिशा.

माझे धाकटे काका त्यांतलेच. त्यांच्याबद्दल सरकारकडून एकच शब्द आला होता, बेपत्ता. काकूने तो घट्ट धरून ठेवला. बेपत्ता माणूस मेलेला नसतो, असं ती म्हणायची आणि रोज आंघोळीनंतर मेण लावून त्यावर ठसठशीत कुंकू लावायची. वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळायची, चैत्रात हळदीकुंकवाला जायची. शेजारणी मागून कुजबुजत, पण तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती, कारण आजी सुनेच्या पाठीशी होती. दर संक्रांतीला आजी स्वतः कासाराला बोलावून तिला बांगड्या भरवायची. त्या दोघींचा मला फार अभिमान वाटायचा.

समितीचे लोक घरी आले तेव्हा काकू तापीवर धुणं घेऊन गेली होती. आजीने त्यांना काकांचा फोटो काढून दिला. काकू परतल्यावर तिला एवढंच सांगितलं, "जवानांचा सत्कार आहे. आपल्याले बोलावलंय."

काकूचा चेहरा असा उजळला की काय सांगू! तिला वाटलं, सरकारला काहीतरी पत्ता लागलाय. ती हिरवं लुगडं नेसली. माझी वेणी घालताना चक्क गुणगुणत होती.

इतवाऱ्याच्या चौकात मांडव घातला होता. टेबलावर ओळीने फोटो आणि प्रत्येकाला चंदनाचा हार. काकूला काकांचा फोटो दिसला, मग हार दिसला, आणि ती चालता चालता थांबली. मी तिला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. तेवढ्यात समितीतली एक बाई बायकांना हळदीकुंकू लावत आमच्या रांगेत आली. काकूने सवयीने कपाळ पुढे केलं. बाई घुटमळली, माझ्या कपाळाला बोट टेकवलं आणि पुढे सरकली.

"ताई, मी राहिली ना," काकू म्हणाली.

बाईने मान खाली घातली. "आप तो शहीद के घर से हो ना, बहनजी."

मग माइकवरून काकांचं नाव पुकारलं. सगळे उठून उभे राहिले, काकू बसून राहिली. शाल घ्यायला आजी गेली. त्या गर्दीची मला अशी चीड आली की ती अजून गेलेली नाही. त्यांचा खेळ झाला आणि हिचा जीव गेला.

घरी आल्यावर काकू आजीसमोर उभी राहिली. "फोटो तुम्ही दिला, सासूबाई?"

आजी शाल मांडीवर घेऊन बसली होती. "हो, मीच दिला."

"मग इतकी वर्षं मला बांगड्या कशाला भरवल्या?"

"तुह्यासाठी भरवल्या माय," आजी म्हणाली. "तो गेला हे मले तेव्हाच कळलं होतं. पण तुह्या कपाळाकडे पाहून मी माह्या पोरासाठी रडली नाही. घरात सवाष्ण असताना कशी रडू? आता थकली मी. मरायच्या आधी मले एकदा रडायचंय."

मला वाटलं, काकू ओरडेल, भांडेल. मी देवाला विनवत होते की तिने भांडावं. तिने पदराचं टोक ओलं केलं आणि कपाळ पुसलं, मेणासकट.

तेव्हा कुठे आजी आपल्या पोरासाठी मोठ्याने रडली.