गोळीबारातला चिवडा

जगात खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण सिनेमात एकाही माणसाला मरू न देणारा माणूस एकच पाहिला. ते म्हणजे अमेरिकेतल्या ॲन आर्बरचे आमचे घरमालक काका. मी युनिव्हर्सिटीत शिकायला आलो तेव्हापासून त्यांच्या तळघरात भाड्याने राहतो. काकांची सगळी नोकरी मोटारींची सस्पेन्शन डिझाइन करण्यात गेली. लोकांना धक्के बसू नयेत म्हणून आयुष्य घालवलेल्या या माणसाला वेड मात्र हेरगिरीच्या सिनेमांचं. ते पडद्यापुरतं राहिलं असतं तर प्रश्न नव्हता. पण काका तळघराचं दारसुद्धा दोनदा आणि मग थांबून एकदा असं ठोठावायचे, आणि मी "कोण?" म्हटलं की दुखावले जायचे. "कोण काय विचारतोस? खूण ठरली आहे ना आपली?" सिनेमाला निघताना तर शेजारच्यांनी पोलिसांना बोलवावं अशी त्यांची भाषा. "माल घेतला?" माल म्हणजे काकूंच्या हातचा पातळ पोह्यांचा चिवडा. तो काकूंच्या जाड कोटाच्या आतल्या खिशातून थिएटरात जायचा, कारण म्हाताऱ्या बाईचा खिसा कुणी तपासत नाही असा काकांचा सिद्धान्त होता. आत नियम एकच: गोळीबार सुरू झाला की चावायचं, थांबला की तोंड थांबवायचं. त्यामुळे सिनेमा कसा आहे हे ठरवायला काकांना फारसा विचार करावा लागत नसे. "संवाद फार होते रे, अर्धा चिवडा परत आणला," एवढ्यावर निकाल लागायचा.

काकूंची नजर मधुमेहाने हळूहळू नेली होती. पडद्यावर त्यांना उजेड आणि सावल्या दिसत, बाकीचं काका कानात सांगत. रेडिओवर क्रिकेटची कॉमेंटरी चालावी तसं हलक्या आवाजात, अखंड मराठीत. पहिल्यांदा मी त्यांच्या शेजारी बसलो तेव्हा पडद्यावर एक माणूस सतराव्या मजल्यावरून खाली कोसळला आणि मी ऐकलं, "हा घरी गेला." पुढे एकाला तीन गोळ्या लागल्या, त्याला काकांनी चक्कर आणवली. एकाचा गळा आवळला गेला, त्याची बदली झाली. पुलावरून बर्फाच्या नदीत फेकलेला माणूस काकांच्या सिनेमात पोहायला गेला.

"एवढ्या थंडीत?" काकूंनी विचारलं.

"त्यांच्याकडे सवय असते," काका म्हणाले.

आणि मग तो सुडाचा सिनेमा आला. एक निवृत्त गुप्तहेर, त्याचं तळ्याकाठचं घर, त्याची हसरी बायको. दहाव्या मिनिटाला तिचा खून होतो आणि पुढचे दोन तास तो शहरामागून शहर पालथं घालत तिच्या मारेकऱ्यांना वेचून मारतो. दहावं मिनिट आलं आणि काका एकदम गप्प झाले. पडद्यावर ती स्वयंपाकघराच्या फरशीवर पडली होती, नायक तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. काकू कुजबुजल्या, "अहो, काय झालं? बोला की."

"काही नाही," काका म्हणाले. "बायको माहेरी गेली."

"कुठलं माहेर तिचं?"

काकांची तयारी नव्हती. "मिरज."

त्यानंतर नायकाने मोटारी उडवल्या, हॉटेलं जाळली, मुडद्यांची रांग लावली. काकूंनी बराच वेळ धीर धरला आणि अखेर म्हणाल्या, "बायको माहेरी गेली म्हणून एवढा धुडगूस? फोन करायचा की मिरजेला!" पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून पाहिलं. चिवडा त्या दिवशी सिनेमा संपायच्या आतच संपला.

परतताना मी गाडीत पेटलो होतो. मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेला मुलगा. आमच्या घरी जेवताना ताटाखालीसुद्धा निषेध अंथरलेला असायचा. मी म्हटलं, सुरुवातीची शांतता सुंदर आहे, नायक कमी बोलतो तेही छान, म्हातारा खलनायक खोकतो तेव्हा त्याची कीव येते, हे सगळं मान्य. पण त्या बाईला अख्ख्या सिनेमात दोन वाक्यं! "कॉफी करू?" आणि "लवकर ये." या लोकांना पुरुषाला राग आणायचा असला की एक बाई मारण्यापलीकडे काही सुचत नाही. ती मेली म्हणून सिनेमा आहे, आणि सिनेमाला तिचं काही पडलेलं नाही! बोलून गेल्यावर मागे काकू बसल्या आहेत हे माझ्या ध्यानात आलं. काकांनी मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं की मी उरलेला रस्ता बर्फ मोजत बसलो. घरी पोचल्यावर एवढंच म्हणाले, "तू परीक्षण करत नाहीस, मोर्चा काढतोस."

त्याच हिवाळ्यात काकूंच्या किडन्या थकल्या. डायलिसिस सुरू झालं, आणि एका दुपारी डॉक्टरांनी काकांना बाहेर बोलावून आता फार आशा धरू नका असं सांगितलं. काका घरी आले आणि काकूंना म्हणाले, "डॉक्टर खूश आहेत." मला ते सहन झालं नाही. गॅरेजमध्ये गाठून मी म्हटलं, "काका, काकूंना खरं कळायला हवं. त्यांचा हक्क आहे तो."

काका फावड्याला चिकटलेला बर्फ खरवडत राहिले. "कुठलं खरं? सिनेमातलं की डॉक्टरांचं?"

दुसऱ्या दिवशी काका औषधं आणायला गेले तेव्हा काकू हाताने चाचपत पोहे चाळत होत्या. मी काही बोलायच्या आधीच म्हणाल्या, "तुझा मोर्चा गॅरेजपर्यंत गेला म्हणे. आवाज वर येतो रे." मग हसल्या. "इतकी वर्षं या देशात राहून मला इंग्लिश कळत नाही होय? तो हिरो घसा फोडून ओरडत होता, दे किल्ड माय वाइफ. डॉक्टरही काही कुजबुजत बोलत नाहीत."

"मग तुम्ही काकांना सांगत का नाही?"

"त्यांना तिला मारवलं नाही बघ. तू म्हणालास ना, सिनेमाला तिचं काही पडलेलं नाही? यांना पडलं होतं." पोहे चाळणं थांबलं. "मला माहीत आहे हे त्यांना सांगू नकोस. ते फार मेहनतीने सांगतात."

काका आयुष्यभर ज्याला पडद्यावर शोधत होते तो पक्का गुप्तहेर त्यांच्याच स्वयंपाकघरात पोहे चाळत होता. मी काकूंचं गुपित ठेवलं. दोघंही एकमेकांना जपत राहिले, डॉक्टर शेवटपर्यंत खूश राहिले आणि बर्फ वितळायच्या आत काकू गेल्या. एकमेकांशी जे बोलायचं ते त्या दोघांचं राहूनच गेलं. ते बोलले असते तर बरं झालं असतं का, हे मला अजून ठरवता येत नाही. माझ्या कुठल्याच पत्रकात त्याचं उत्तर नाही.

यंदा त्या सिनेमाचा दुसरा भाग आला. मीच काकांना ओढून नेलं. चिवडा त्यांनी स्वतः केला होता, जरा करपलेला, आणि स्वतःच्या खिशातून आणला होता. नायक पुन्हा सुडाला निघाला. पहिला गोळीबार झाला. दुसरा झाला. शेजारून ना कॉमेंटरी, ना चावण्याचा आवाज. मी पाहिलं तर काका डोळे मिटून ताठ बसले होते, आणि त्यांची मान काकू बसायच्या त्या बाजूला किंचित कललेली होती.

पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर त्यांनी इंजिन चालू केलं आणि काच पुसत, माझ्याकडे न बघता विचारलं, "मी नीट पाहिलं नाही. त्याची बायको आली का रे परत?"

पडद्यावर तिचा एक फोटो होता, तोही नायकाने शेवटी जाळला होता.

"नाही काका," मी म्हटलं. "अजून मिरजेलाच आहे."

काकांनी काच पुसून पुरी केली. मग म्हणाले, "राहू दे. इकडे थंडी फार आहे." त्यांनी खिशातून चिवड्याची पिशवी काढून दोघांच्या मध्ये ठेवली. गाडी गरम होईपर्यंत आम्ही तो खात बसलो. गोळीबार नसला की चिवड्याचा केवढा आवाज होतो, ते मला तेव्हा कळलं.