स्थगिती येईपर्यंतची यादी

बेलीफकाका कुणाचं घर ताब्यात घ्यायला गेले की दारात उभे राहून आधी विचारत, "जेवणं झाली का?" झाली नसतील तर पायरीवर बसून राहत. बरोबर आलेला माणूस कितीही चरफडला तरी हातातलं वॉरंट उघडत नसत. "उपाशी माणसाला त्याच्या घराबाहेर काढायचं नाही. कायद्यात नाही हे, माझ्या आईने सांगितलेलं आहे," असं म्हणत.

ठाण्याच्या दिवाणी न्यायालयात ते बेलीफ होते. निकाल न्यायाधीश देतात. पण घर किंवा जमीन एकाच्या हातून काढून दुसऱ्याच्या हाती प्रत्यक्ष सोपवायचं काम बेलीफाचं. राहायला ते आंबिवलीला. बुटके, सावळे, गळ्यात शबनम पिशवी, आणि अक्षर असं की शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला त्यांनाच उभं केलं असेल. त्यांची माझी पहिली भेट आमच्याच दारात झाली, आणि तो प्रश्न त्यांनी मलाच विचारला.

बाळकुमला आता सगळीकडे उंच इमारती आहेत. त्यांच्या मधोमध आमचं कौलारू घर होतं, पुढे अंगण आणि एक रामफळाचं झाड. आजोबांच्या जमिनीच्या वाटणीवरून माझे वडील, म्हणजे अण्णा, आणि त्यांचे चुलतभाऊ यांच्यात दावा चालला होता. निकाल चुलतकाकांच्या बाजूने लागला. घराखालची जमीन त्यांची ठरली. अण्णांनी अपील केलं. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. तिचं एकच म्हणणं होतं, "मला हलवू नका." अण्णांनी तिला शब्द दिला होता.

अण्णा शिक्षक होते. व्याकरणाची चूक त्यांच्या नजरेतून सुटत नसे, पण कोर्टाच्या बाबतीत ते भाबडे होते. अपील दाखल झाल्याची शिक्का मारलेली प्रत त्यांनी देव्हाऱ्यात, अन्नपूर्णेच्या मूर्तीखाली ठेवली होती. नंतर कोर्टाची नोटीस आली, की निकालाची अंमलबजावणी का करू नये ते सांगा. तीही त्यांनी त्याच कागदाखाली सारली. अपील वर गेलं आहे, म्हणजे खालचं सगळं आपोआप थांबलं, अशी त्यांची पक्की समजूत. नोटिशीबद्दल आमचं अपील चालवणाऱ्या वकीलबाईंना त्यांनी कळवलंसुद्धा नाही. मलाही नाही.

त्या दिवशी जेवणं झालेली होती. बेलीफकाका आत आले, वॉरंट वाचून दाखवलं. मागे चुलतकाका आणि दोन पंच. अण्णा शांतपणे देव्हाऱ्याकडे गेले आणि हळदीकुंकवाचे डाग पडलेला तो कागद घेऊन आले. बेलीफकाकांनी आधी हात रुमालाला पुसले, मग कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"मास्तर, हे अपील आहे. स्थगिती कुठे आहे?"

"अपील म्हणजेच..."

"नाही हो. अपील केलं म्हणजे हुकूम थांबत नाही. थांबवायला वेगळा अर्ज, वेगळा हुकूम. तो असेल तर दाखवा, मी असाच उलट्या पावली जातो."

अण्णांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आयुष्यभर मुलांचे पेपर तपासलेला माणूस, आणि स्वतःचा पेपर कोरा निघाला होता.

"दादा, उगाच त्रास करून घेऊ नकोस," चुलतकाका म्हणाले. "वहिनींसाठी मी गाडी सांगितलेली आहे. दवाखान्यात सोडू."

"तू मला दादा म्हणू नकोस आज," अण्णा म्हणाले.

मी मागच्या दारी जाऊन वकीलबाईंना फोन लावला. त्या आधी चिडल्या. "अगं, नोटीस आली तेव्हा सांगायचं ना मला! अर्ज लावलाय मी, पण तारीख पुढच्या आठवड्यातली आहे. थांब. आत्ताच्या आत्ता जाते न्यायाधीशांपुढे. तिकडे किती वेळ आहे?"

मी आत येऊन बेलीफकाकांना तेच विचारलं. "किती वेळ लागेल?"

"घरातल्या वस्तूंची यादी करायची असते, ताई," ते म्हणाले. "यादी होईल तोवर."

त्यांनी पिशवीतून फुलस्केप कागद काढले, कार्बन लावला आणि स्वयंपाकघरापासून सुरुवात केली. पातेली, डबे, परात, पोळपाट. एकही वस्तू 'इत्यादी'मध्ये ढकलली नाही. चुलतकाका घड्याळ बघत होते. मग सगळे बाहेरच्या खोलीत आले. तिथे तीन भिंतींना छतापर्यंत अण्णांची पुस्तकं होती. बेलीफकाका क्षणभर नुसते बघत राहिले. मग स्टूल ओढलं, वरच्या फळीवरचं पहिलं पुस्तक काढलं, नाव मोठ्याने वाचलं आणि लिहिलं.

"अहो, लिहा ना पुस्तकं अमुक इतकी!" चुलतकाका ओरडले. "प्रत्येकाचं नाव कशाला लिहिताय?"

"साहेब, उद्या मास्तर म्हणाले की माझं एक पुस्तक गेलं, तर कुठलं ते कोण सांगणार? तुमच्यावरच आळ येईल."

ते नाव वाचत, लेखक वाचत, कागदावर उतरवत. तिसऱ्या फळीपासून अण्णा मदतीला लागले. "ही दुसरी आवृत्ती आहे, तसं लिहा," असं सांगू लागले. एक पंच खुर्चीत डुलकी घ्यायला लागला. आतल्या खोलीतून आईने क्षीण आवाजात विचारलं, "शाळा तपासणी आहे का हो?" मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं.

यादी दुसऱ्या भिंतीच्या मध्यावर आली होती, तेव्हा वकीलबाईंचा सहकारी घामाघूम होऊन हुकुमाची प्रत घेऊन अंगणात शिरला. अपिलाचा निर्णय लागेपर्यंत स्थगिती. आम्ही घर विकायचं नाही, वाढवायचं नाही, कुणाला भाड्याने द्यायचं नाही. सगळं जैसे थे. बेलीफकाकांनी तो हुकूमही शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. टोपण लावून पेन खिशात ठेवलं. जाताना चुलतकाकांना म्हणाले, "तुमचा निकाल कुठे पळून गेलेला नाही, साहेब. थोडा थांबलाय."

दोन आठवड्यांनी ते कळव्याला, मी ग्रंथपाल आहे त्या ग्रंथालयात आले आणि सभासद झाले. यादी करताना एका पुस्तकाचं नाव मनात राहिलं होतं, ते आहे का म्हणून विचारायला. "अण्णांकडे आहेच की, घरी या," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. "तुमचं प्रकरण चालू आहे. मी तुमच्या घरचा चहा पिऊ शकत नाही." अपील चाललं तितकी वर्षं ते ग्रंथालयातच येत राहिले. माझ्या थर्मासमधला चहासुद्धा घेत नसत. कोपऱ्यावरून स्वतःचा आणत, आणि तो मला देऊ करत नसत. पुस्तक सावकाश वाचत. वाचून झाल्यावर एकच अभिप्राय. "बरं आहे", किंवा "माणूस खोटं बोलतोय".

त्या वर्षांत आई तिच्या पलंगावर, तिच्या खिडकीशी राहिली. चौथ्या वर्षी एका दुपारी, रामफळाच्या झाडावर पोपटांचा कलकलाट चाललेला असताना, ती गेली. अण्णांनी दिलेला शब्द पाळला गेला.

पुढे अपील फेटाळलं गेलं. वकीलबाई म्हणाल्या, "उच्च न्यायालयात जाऊ. तिथेही स्थगिती मागू." बेलीफकाका तोवर निवृत्त झाले होते. अण्णांनी त्यांना निरोप धाडला, आणि ते प्रथमच आमच्याकडे पाहुणे म्हणून आले. वरणभात जेवले, ताक दोनदा मागून घेतलं.

"काय करू?" अण्णांनी विचारलं.

"वर जायचा तुमचा हक्क आहे, मास्तर. पण थांबवायचं कशासाठी, ते आधी ठरवा."

अण्णा आईच्या खोलीकडे बघू लागले. "आता कुणासाठी थांबवू?" म्हणाले. महिन्याभराने त्यांनी स्वतःच चुलतभावाला बोलावून घर सोपवलं. पुस्तकं खोक्यांत भरायला बेलीफकाका दोन दिवस येत होते. तेव्हा मी धीर करून विचारलं, "त्या दिवशी यादी मुद्दाम लांबवलीत ना?"

"यादी ती यादी. जितकं होतं तितकं लिहिलं." ते खोक्याला सुतळी बांधत राहिले. मग म्हणाले, "एकदा कळव्याच्या डोंगराखाली एका बाईच्या खोलीचा ताबा घ्यायला गेलेलो. तिचा भाऊ स्थगिती आणायला धावलेला. पण यादी काय झाली? एक स्टोव्ह, दोन गोधड्या, एक ट्रंक. चार ओळी नाहीत, ताई. भाऊ कागद घेऊन आला तेव्हा मी कुलूप लावून खाली उतरत होतो. कागद खरा होता. तो दाखवून तिला परत आत जायला चार महिने लागले. तोवर ती कुठे राहिली, मी विचारलं नाही."

त्यांनी सुतळीची गाठ दातांनी घट्ट केली.

अण्णा दोन वर्षांपूर्वी गेले, बेलीफकाका यंदा. आंबिवलीच्या त्यांच्या खोलीत मी गेले तेव्हा त्यांच्या बायकोने ग्रंथालयाचं एक पुस्तक माझ्या हाती दिलं. शेवटची पन्नासेक पानं वाचायची राहिली होती. खूण तिथेच होती. मी ते जमा करून घेतलेलं नाही. माझ्या टेबलाच्या खणात आहे, मुदत उलटलेल्या पुस्तकांच्या यादीत ते दरमहा दिसतं आणि मी ते तसंच राहू देते.

आता ग्रंथालयात कुणाच्या हातात कोर्टाचा कागद दिसला की मी विचारते. पूर्वी विचारत नसे. दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं वाटायचं. गेल्या शुक्रवारी एक बाई मुलीसाठी पाठ्यपुस्तक शोधायला आल्या होत्या. पिशवीतून एक घडी केलेला कागद डोकावत होता. मी विचारलं, तर त्यांनी तो कौतुकाने उलगडून दाखवला.

"चाळीचं प्रकरण आहे, ताई. हरलो होतो, पण अपील केलंय. आता काही टेन्शन नाही."

"घराचा ताबा द्यायची नोटीस आलीये का?"

"आलेली ना. सोमवारी येणार म्हणतात. येऊ देत की, अपील आहे."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. कोर्ट बंद व्हायला अडीच तास होते. "पाठ्यपुस्तक नंतर शोधू," मी त्यांना म्हटलं, आणि ग्रंथालयाचे दिवे मालवून कुलूप शोधू लागले.