नोलाचे अठरा

नोला पोल्किंगहॉर्नचा फोन पहाटे आला तर समजावं, कुठल्यातरी गावाला खेळाडू कमी पडलेत. उजाडल्यावर आला तर पंच कमी पडलाय. काहीही कमी पडलं तरी फोन मलाच. "अर्नी, जागा आहेस ना?" असं विचारते आणि मी नाही म्हणालो तरी पुढचं बोलायला लागते. तिच्या शेजारी राहतो, एवढाच माझा गुन्हा.

बाई सत्तरीला आली. आमच्या सहा गावांच्या फुटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, लीगची ती अध्यक्ष. म्हणजे कागदावर अध्यक्ष, बाकी सचिव म्हणा, रखवालदार म्हणा, सगळं तीच. नावाला समिती आहे आणि समितीत मीही आहे. आम्ही बैठकीला जातो, तिनं केलेला केक खातो, हात वर करतो आणि घरी येतो. कोणाचा सामना कुठं, कोण पंच, हाणामारी करणाऱ्याला किती शनिवार घरी बसवायचं, हे सगळं ती आधीच ठरवून आलेली असते. तिच्या गाडीच्या डिकीत गोलपंचाचे झेंडे, चार लांबट चेंडू, संत्र्यांची पिशवी आणि एक फावडं असतं. फावडं कशाला, म्हणून नव्या पंचानं एकदा विचारलं. "येरूंगाच्या मैदानावर ससे बिळं करतात," ती म्हणाली, "सामन्याआधी बुजवायची. हे घे, तू मोकळाच दिसतोयस."

ती या गावात, बिन्यालमध्ये, लग्न होऊन आली. नवरा रॉस आमच्या संघात खेळायचा. लग्नानंतरच्या पहिल्याच शनिवारी कोणीतरी तिच्या हातात गुण लिहायची पाटी दिली, जरा धर म्हणून, आणि तिनं ती आजतागायत सोडलेली नाही. रॉस गेला त्याच्या पुढच्या शनिवारी ती मैदानाच्या फाटकावर तिकिटं फाडत उभी. बायका कुजबुजल्या. मीही बोललो, "नोला, एक आठवडा तरी घरी बसायचंस." ती म्हणाली, "घरी बसून काय करू, त्याचे बूट बघत बसू?"

खेळ वाढवायचा म्हणजे काय, यावर शहरातली माणसं भाषणं देतात. नोला दर गुरुवारी एका शाळेत जाते, पोरांच्या पुढ्यात चेंडू टाकते आणि म्हणते, "मला हा लाथाडता येत नाही, कोणी दाखवेल का?" झालं. तासाभरानं मास्तर पोरांना वर्गात न्यायला येतो आणि त्याच्या नाकी नऊ येतात. मुलींचे चार संघ तिनं असेच उभे केले. आज दुकानात पाव घ्यायला गेली तरी लहान पोरं मागं लागतात, "नोला, शनिवारी आमचा सामना कधी?"

असं सगळं छान चाललेलं असताना घोडं अडलं ते येरूंगात.

येरूंगा म्हणजे धान्याची एक कोठी, एक दारूचं दुकान आणि भोवती गहूच गहू. पूर्वी तिथं कुटुंबंच्या कुटुंबं होती. शेतं मोठी झाली, यंत्रं मोठी झाली आणि माणसं आटली. संघ टिकला तो क्लॅरी डोहर्टीमुळं. साठीला टेकलेला गव्हाचा शेतकरी, एक गुडघा कायमचा गेलेला. तोच प्रशिक्षक, तोच कप्तान, आणि माणसं कमी म्हणून दर शनिवारी स्वतःच्याच गोलच्या कोपऱ्यात बचावाला उभा. मैदानात अठरा लागतात. येरूंगाचे कधी दहा भरायचे, कधी अकरा. नोला इतर गावांकडून उसनी पोरं आणून भर घालायची. त्या वर्षी मोसमात दोनदा तेही जमलं नाही.

जिल्ह्याच्या मंडळाचा नियम असा, की एका मोसमात तिसऱ्यांदा अठरा भरले नाहीत तर तो संघ बंद. आणि येरूंगा गेलं की उरतात पाच गावं. पाच गावांच्या लीगला मंडळ मान्यता देत नाही. मग आमचे पाचही संघ नदीकाठच्या मोठ्या लीगला जोडणार, आणि लहान पोरांनी दर शनिवारी दोन तास जायचं, दोन तास यायचं. कोण पाठवणार? नोलानं आयुष्यभर जे उभं केलं, ते दोन वर्षांत मोडलं असतं. शेवटच्या सामन्याला मंडळाचा माणूस स्वतः बघायला येणार, असा निरोप आला. सामना येरूंगाच्या मैदानावर, आमच्या बिन्यालविरुद्ध. उसनवारी चालणार नाही, येरूंगाचे स्वतःचे खेळाडू हवेत.

"संपलं," मी म्हणालो.

"तुझं तोंड उघडं आहे तोवर काही संपत नाही," नोला म्हणाली आणि गाडी काढली.

पुढचे तीन आठवडे बाईनं तालुका भंडावून सोडला. येरूंगाच्या रस्त्यावर वेगात गाडी हाकताना नव्या पोलिसानं तिला अडवलं. उंच, धिप्पाड गडी. त्यानं कागदपत्रं मागितली, तर ही काचेतून बाहेर डोकावून त्याला वरपासून खालपर्यंत बघते.

"उंची किती तुझी, राजा?"

"बाई, तुम्ही किती वेगात होतात माहीत आहे का?"

"ते लिही तू सावकाश. शनिवारी दुपारी ड्युटी असते का?"

दंड भरला तिनं, पण पोलीस येरूंगाचा झाला. मग ती कोंबड्यांच्या कारखान्यात गेली. तिथं ब्रह्मदेशातून आलेली करेन जमातीची पोरं कामाला आहेत. जेवणाच्या सुट्टीत ती वेताचा चेंडू पायानं हवेत खेळवतात, खाली पडू देत नाहीत. नोला भिंतीला टेकून बघत राहिली. त्यांच्यातला थोरला सॉ टा मू तिला म्हणाला, "मावशी, तुमचा तो खेळ आम्हाला कळत नाही. चार खांब कशाला?"

"मधल्या दोनांतून मारायचा, तो गोल, सहा गुण. बाहेरच्या दोनांतून गेला तर एकच, ते आमच्या बिन्यालच्या पोरांसाठी आहेत."

सहा जण आले. वर एक पाद्री, शाळेचा नवा मास्तर आणि मेंढ्यांची लोकर कातरायला आलेले दोघे भाऊ. सगळ्यांची रीतसर नोंदणी झाली.

शेवटच्या शनिवारी क्लॅरीच्या पुढ्यात चक्क एकवीस माणसं उभी होती. अठरा मैदानात, तीन राखीव. येरूंगाच्या राखीव बाकावर इतकी वर्षं कोणी बसलंच नव्हतं. तिथं रंगाचे डबे ठेवलेले होते, ते आधी हलवावे लागले. क्लॅरीनं कागदावरून नावं वाचली. एकविसांत स्वतःचं नाव त्यानं घातलंच नव्हतं. वाचून झाल्यावर त्यानं कागदाची घडी घातली आणि म्हणाला, "बरं झालं, गुडघा दुखतच होता." पण अंगात जर्सी होती आणि पायांत बूट होते. सवय, दुसरं काय.

मंडळाचा माणूस वॉरिक गुणफलकापाशी उभा राहिला. इस्त्रीचा कोट, चेहऱ्यावर काही भाव नाही. मी गोलपंच, म्हणजे पांढरा कोट घालून खांबांच्या मागं. गोल झाला की झेंडे हलवायचे.

खरं सांगतो, येरूंगा असं खेळलं की आमच्या बिन्यालच्या पोरांना धड श्वास घेता येईना. पोलीस हवेतून चेंडू काढायचा आणि करेन पोरं पायांतून निसटायची. प्रत्येक गोलला मैदानाभोवतीच्या गाड्यांचे भोंगे वाजत होते. चारपैकी तीन डाव संपले तेव्हा येरूंगा चार गोलनी पुढं. चार वर्षांत त्यांनी एकही सामना जिंकला नव्हता. क्लॅरी मैदानाच्या मध्यावर जाऊन पोरांना काहीतरी सांगत होता, सगळे त्याच्याभोवती गोळा झालेले.

चौथा डाव सुरू झाला आणि बघतो तर क्लॅरी माझ्याजवळ, कोपऱ्यात उभा.

"तू इथं कसा?" मी विचारलं.

"कसा म्हणजे? इथंच असतो मी," तो म्हणाला आणि चेंडूकडं धावला.

मला वाटलं, कोणीतरी दमलं असेल, हा बदली आला असेल. एवढ्यात कुंपणामागून नोलाचा आवाज आला. दर शनिवारी डोकी मोजायची तिची खोड आहे. कमी पडण्याची धास्ती.

"अर्नी, एकोणीस आहेत."

"परत मोज."

"तीनदा मोजले."

आमच्या खेळात एक जुना नियम आहे. समोरच्या कप्तानाला संशय आला, तर त्यानं पंचाला सांगायचं, माणसं मोजा. एक जरी जास्त निघाला, तर तोवर मिळवलेले सगळे गुण पुसले जातात. हा नियम मी ऐकून होतो, वापरलेला कधी बघितला नव्हता. येरूंगाला तो कशाला लागेल?

"मी क्लॅरीला हळूच बाहेर काढतो," मी म्हणालो. "कोणाला कळायचं नाही."

"मला कळलंय ना."

"तुझ्या तत्त्वाला आग लाव, नोला. आज ते जिंकतायत."

"पलीकडं एक गोल झालाय तो आत असताना. उद्या कोणी बोललं तर तो कोटवाला म्हणेल, ही लबाड माणसं, यांची लीग कशाला हवी. आणि इतकी वर्षं मी पोरांना नियम सांगत आले, ते काय तोंडाची वाफ दवडायला?"

ती कुंपणाकडेनं भराभरा चालत गेली आणि आमच्या कप्तानाला, जेडला, हाक मारली. जेड माझा पुतण्या. तो ऐकून चिडलाच. "मावशी, आम्ही तसेही वरच्या क्रमांकावर आहोत. जिंकू दे ना त्यांना."

"तू मोजायला सांगतोस, का मीच मैदानात येऊ?"

त्यानं सांगितलं. पंचानं शिटी वाजवली, येरूंगाच्या सगळ्यांना मध्यावर रांगेत उभं केलं आणि एकेकाच्या खांद्याला हात लावत मोठ्यानं मोजायला लागला. सतरा झाला पोलीस, अठरा झाला सॉ टा मू, आणि पंचाचा हात क्लॅरीच्या खांद्यावर पडला. "एकोणीस."

क्लॅरीनं मागं वळून बघितलं, हा एकोणिसावा कोण म्हणून. मागं कोणी नव्हतं. मग त्यानं स्वतःच्या जर्सीकडं पाहिलं, पायांतल्या बुटांकडं पाहिलं, आणि तो गडी भर मैदानात रडायला लागला.

फलकावरचे येरूंगाचे आकडे उतरवले, शून्य लावलं. क्लॅरी लंगडत कुंपणाशी आला. "नोला, मी बुडवलं सगळ्यांना. मला कोणी बाहेर बसायला कधी सांगितलंच नव्हतं गं, मला बाहेर जायचं सुचलंच नाही."

नोला त्याचा हात धरून उभी राहिली. तिच्याही डोळ्यांत पाणी. वॉरिक आमच्या दिशेनं चालत येताना दिसला, तेव्हा मी झेंडे घट्ट धरले. कोणाच्या डोक्यात हाणायची वेळ आली असती तर ते बरे पडले असते.

"मोजायला कोणी सांगितलं?" त्यानं विचारलं.

"मी," नोला म्हणाली. "गुण गेले, ते नियमानं गेले. पुढं जे करायचं ते करा."

तो रांगेतून पांगणाऱ्या पोरांकडं बघत म्हणाला, "मी इथं आलो, नोलाबाई, ते येरूंगाला अठरा मिळत नाहीत याची खात्री करायला. पंचानं माझ्यासमोर मोजलेत. एकोणीस, आणि बाकावर तीन बसलेत. असा संघ बंद करायचा नियम आमच्याकडं नाही." एवढं बोलून त्यानं कोटाच्या खिशातून हात बाहेर काढला आणि क्लॅरीपुढं केला. क्लॅरीला काय करावं ते कळेना, म्हणून नोलानंच वॉरिकचा हात हातात घेऊन हलवला.

खेळ पुन्हा सुरू झाला. शून्यावरून येरूंगानं त्या एका डावात चार गोल मारले. तरी दहा गुणांनी हरले. एवढे भोंगे मी जिंकणाऱ्यांसाठीही कधी ऐकलेले नाहीत. आमच्या बिन्यालच्या गाड्याही वाजवत होत्या. माझीही तिथंच उभी होती आणि तिचा भोंगा माझी बायको दाबून धरत होती.

क्लॅरी उरलेला सगळा डाव राखीव बाकावर बसला होता, मांडीवर नोलानं आणून दिलेलं गरम खिम्याचं पॅटिस. ती त्याच्या शेजारी बसली होती. त्यानं एकही घास खाल्ला नाही. मान इकडून तिकडं, चेंडू जाईल तिकडं.

"आपली पोरं चांगली खेळतात गं," तो म्हणाला. "मला कधी बघायलाच मिळालं नव्हतं."

"मग बघ आता," नोला म्हणाली आणि त्याच्या गुडघ्यावर घोंगडी टाकली.