चिमाबाईंची मूठ

"तुला मेकअप लागणारच नाही, डार्लिंग," जूडी म्हणाली. हॉलमध्ये आठ-दहा जण होते. सगळे हसले. मीही हसले.

इरा, नील, तुम्हाला सांगते, स्टॅनमोरच्या आमच्या चर्च हॉलमध्ये दर मंगळवारी हौशी नाटकाची तालीम असते. जूडी आमची दिग्दर्शिका. यंदाचं नाटक अमेरिकेतल्या सू आदिवासींवर आहे. सरकारने त्यांना त्यांच्या टेकड्यांवरून कसं हुसकावलं आणि ते कसे लढले, त्याचं. सरदार झालाय पीटर, निवृत्त डेंटिस्ट. त्याच्या गालांना तपकिरी रंग. मी सरदाराची आई. बत्तीस वर्षं मी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्समध्ये काम केलं, माझं इंग्रजी जूडीपेक्षा नीटनेटकं आहे. तरी मला एकही वाक्य नव्हतं.

"तू फक्त जमिनीवर बस. तुम्हा लोकांना ते छान जमतं."

बसले. गुडघे दुखत असताना. मग महिनाभर तुमच्या आईला फोनवर हेच ऐकवत राहिले.

मागच्या मंगळवारी कराराचा प्रसंग होता. त्या काळी सही म्हणून सरदार लेखणीला नुसता हात लावत. फुली कारकून मारी. नाटकातला सरदार हात लावत नाही. मूठ आवळून ब्लँकेटमध्ये लपवतो. जूडीला तिथे कल्पना सुचली.

"आई त्याची समजूत घालेल. हळूच त्याची मूठ उघडेल. सो मूव्हिंग."

मी पीटरची मूठ हातात घेतली. करंगळी सोडवली. तिथेच थांबले.

"मी हे करणार नाही."

"का गं?"

"मी हे एकदा केलंय."

"हो? कुठल्या नाटकात?"

नाटकात नाही. मी अकरा वर्षांची होते. माझे आप्पा, म्हणजे तुमचे पणजोबा, धरणासाठी जमिनी ताब्यात घेणाऱ्या कचेरीत अव्वल कारकून होते. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर डोंगरातल्या एका कातकरी वाडीवर गेले. माणसं रांगेत येऊन कागदावर अंगठा उठवत होती. एक म्हातारी मूठ आवळून उभी राहिली.

"चिमे, हात पुढे कर." तिने केला नाही. आप्पा तिला शिवणार नव्हते. मला म्हणाले, "तू धर गं तिचा हात. तुला घरी गेल्यावर आंघोळ घालतील."

चिमाबाईंनी मला विचारलं, "काय लिवलंय गं बाय त्यात?"

कागद मी वाचला होता. इंग्रजी शाळेत पहिली येणारी मुलगी, दिसेल ते वाचायची. वाडी आणि जमीन राजीखुशीने सोडत आहे, असं त्यात होतं.

मी म्हणाले, "काही नाही, आजी. सगळ्यांनी अंगठा दिलाय."

मग एकेक बोट सोडवलं. करंगळी आधी. त्यांच्या हातात केवढा जोर होता. मी लहान म्हणून त्यांनी तो माझ्यावर वापरला नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. अंगठा शाईच्या पॅडवर टेकवला. कागदावर दाबला.

"शाब्बास," आप्पा म्हणाले. घरी मला आंघोळ घातली.

जूडीचं वाक्य मी महिनाभर सगळ्यांना सांगितलं. हे पासष्ट वर्षांत कुणालाही नाही. चिमाबाईंचं पूर्ण नाव कागदावर होतं. आता आठवत नाही. आंघोळीचं पाणी कढत होतं, ते आठवतं.

जूडीला मी कळवलंय. मी स्टेजवर असेन तर ती मूठ मिटलेलीच राहील. नाहीतर दुसरी आई शोध. तिला मेकअप लागेल.

आणि नील, तुझ्या फॅमिली हिस्टरीच्या प्रोजेक्टसाठी मी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं होतं: "पणजोबांनी धरणासाठी वाड्या हलवल्या, पण एकदाही पोलीस बोलवावे लागले नाहीत." तुझ्या टीचरने शेजारी स्टार काढला होता.

ते वाक्य खोड. आईला सांगू नकोस, विचारू नकोस, आधी खोड. खाली लिही: पोलीस लागले नाहीत, कारण मी होते. चिमाबाईंनी मूठ आवळली होती, हेही लिही.

हे कुणी सांगितलं, असं टीचर विचारतील. "आजी" लिहू नकोस. माझं पूर्ण नाव लिही.