माकडांविरुद्धचे माझे सहा महिने

बालाघाटच्या कॉलेजात तीस वर्षं मी पोरांना पाश्चात्त्य लोकशाहीचा इतिहास शिकवला. माझा आवडता तास युद्धकाळातल्या नेत्यांचा. संकटात रोमनं एका माणसाच्या हाती सगळी सत्ता द्यावी, पण सहाच महिने. महायुद्ध संपत असताना इंग्रजांनी आपल्या पंतप्रधानाला सरळ मतपेटीतून घरी पाठवावं, हे सांगताना मी खुर्चीतून उठून उभा राहायचो. पोरं तेव्हा डबे उघडत.

निवृत्त झालो आणि दिवाळीच्या सुमारास आमच्या कॉलनीवर जंगलातून माकडांची टोळी उतरली. पाण्याच्या टाक्यांची झाकणं, पेरू, परसातल्या तुरीच्या शेंगा, काही म्हणून सोडलं नाही. कॉलनीच्या बैठकीत तीन रविवार नुसती भांडणं झाली. चौथ्या रविवारी मी रोमचा दाखला दिला. वाटलं, विद्वत्तेचं कौतुक होईल. लोकांनी टाळ्या वाजवून सगळी सत्ता माझ्याच गळ्यात घातली, सहा महिन्यांसाठी, शिट्टीसकट.

मी धडाधड हुकूम काढले. शिट्टी वाजली की प्रत्येक गच्चीवर ताट वाजलंच पाहिजे. फळ पिकायच्या आत उतरवायचं. गच्चीवर खायचं काही वाळत घालायचं नाही. हा शेवटचा हुकूम ऐकून बायको म्हणाली, "मंग उन्हाळ्यात पोरीले पाठवाच्या कुरडया मी कुठं वाळू घालू, तुमच्या टकलावर?"

युद्धात त्याग करावा लागतो, असं मी तिला ऐकवलं.

जानेवारीत माकडं गेली. पलीकडच्या कॉलनीत एक भाविक त्यांना दर मंगळवारी चणे घालायला लागला होता, पण विजय तो विजय. माणसं रस्त्यात थांबून मला वाकून नमस्कार करू लागली. मला ते आवडलं, लाज वाटावी इतकं आवडलं.

मुदत संपायला आठवडा उरला तेव्हा मी दुर्बीण घेऊन गच्चीवर माकडं शोधत होतो. एक दिसेल तर शपथ. शेवटी बाजारातून सहा केळी आणली आणि टाकीमागे ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे नुसती सालं! मी आनंदानं शिट्टी फुंकून बैठक बोलावली, सालं टेबलावर मांडली आणि म्हणालो, शत्रू परत आलाय, मुदत वाढवा.

बायको उठली. "केळी म्या खाल्ली. पण तिथं आणून कोणं ठेवली, ते यायलेच इचारा."

मला कबूल करावं लागलं. आता हाकलणार, अशी माझी खात्री झाली. तेवढ्यात मलाजखंडच्या खाणीतून निवृत्त झालेले शेजारी म्हणाले, "माकडं येवोत ना येवोत, सर, पॉवर तो आपके पास ही ठीक है. आमच्या मागं कटकट नाही." भराभर हात वर झाले.

बायकोचा एकटीचा खाली. मे लागला होता, कुरडयांच्या उन्हाचे मोजके दिवस उरले होते. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. तीस वर्षांत माझा एकही विद्यार्थी इतकं लक्ष देऊन बसला नव्हता.

मला सत्ता सोडायची नव्हती, अगदी मनापासून नव्हती. मी शिट्टी गळ्यातून काढली आणि तिच्या हातात दिली. वाजते का बघायला तिनं ती एकदा फुंकली, आणि ओळीतल्या सगळ्या गच्च्यांवर ताटं वाजायला लागली. ती थोडा वेळ ऐकत राहिली. मग शिट्टी स्वतःच्या गळ्यात अडकवून गहू भिजत घालायला घरी गेली.