मुंग्यांएवढं रामनाम

देव माझ्यापासून लांब चालला आहे असं मला वाटत होतं. कुणाला सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून वहीलाच सांगते.

मी चौथी शिकलेली. लग्नानंतर लिहिणं सुटलंच होतं. नात आजारातून उठली तेव्हा रामनामाच्या अकरा वह्या लिहीन असं देवाला बोलले आणि पेन पुन्हा हाती आलं. पहिल्या तीन वह्या छान झाल्या. पुढे अक्षर बारीक होऊ लागलं. ओळ मोठी सुरू व्हायची आणि शेवटी एवढीशी व्हायची. उजवा हात जड पडायचा, कधी थरथरायचा. तो मी पदराखाली घ्यायचे.

"आई, मुंग्या काऊन मांडून राह्यल्या?" सून हसून म्हणाली. मीही हसले, पण लागलं. मन नामात नाही म्हणून नाम लहान होतंय, असा अर्थ मी लावला. गुरुवारचाही उपास धरला. अक्षर आणखीच बारीक झालं.

रामनवमीच्या आधी सात वह्या घेऊन देवळात गेले. उरलेल्या चार होणार नाहीत, हे देवाला सांगायचं ठरवूनच गेले होते. ओट्यावर एक अनोळखी बाई जमलेल्या वह्यांचे गठ्ठे बांधत होती. तिने माझी सातवी वही चाळली, मग पहिली काढून शेजारी ठेवली.

"बाई, दोन्ही तुमचंच अक्षर?"

मी मान खाली घातली. "माहं मन लागत नाई."

"मनाचं काय घेऊन बसल्या! हात दाखवा." तिने माझा हात पदरातून बाहेर काढला. "आमच्या मालकाचंही असंच झालतं. सही इतकी बारीक, का बँकवाले मानतच नव्हते. सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवा. ह्या दोन्ही वह्या संगं नेजा."

"देवाले दिलेल्या वह्या परत नेऊ?"

"नेजा. त्याचं वाचून झालं असन."

डॉक्टरांनी मला चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, मग बराच वेळ वह्या पाहिल्या. आजाराचं नाव पार्किन्सन. पुरता बरा होत नाही, गोळ्यांनी आराम पडतो. "तुमच्या मनाचा यात काही दोष नाही," ते म्हणाले. सून रडली. मला मात्र, खरं सांगते, हलकं वाटलं.

पुढे त्या बाईला शोधलं. ती कुणाची कोण, पुजाऱ्यालाही सांगता आलं नाही. तिला कुणी पाठवलं, हे मी विचारत बसत नाही. मनातल्या मनात तिच्याही पाया पडते.

आता सुनेने नातीची चार रेघांची वही दिली आहे. रेघ दिसली की अक्षर तिला धरून मोठं येतं. ही आठवी. सकाळची गोळी लागू पडेपर्यंत मी वही उघडून नुसती बसते. आधी पानं मोजायचे, नाम माझ्या हातात आहे असं समजायचे. हातच माझा नव्हता. आता तो देईल तेवढं लिहायचं. बाकीच्या तीन वह्या होतील की नाही, ते ज्याला बोलले त्याच्यावर सोडलं आहे.

काल एकच राम झाला. वही मिटली आणि हात पदराखाली न घेता, थरथरत होता तसाच, त्याच्यापुढे जोडला.